काँक्रीटच्या रस्त्यावर तीच भेग दर हिवाळ्यात पुन्हा का उघडते?

इंदूरला लोकमान्यनगरच्या बाजूला आमची एक गल्ली आहे. साठ मीटर लांब, पाच मीटर रुंद, सळ्यांची जाळी घातलेली काँक्रीटची. तिच्या अगदी मध्यावर, जोशीकाकूंच्या फाटकासमोर, एक आडवी भेग आहे. पहिल्या हिवाळ्यात ती केसाएवढी होती. दुसऱ्या हिवाळ्यात तिच्यात रुपयाचं नाणं उभं राहायला लागलं. ठेकेदाराच्या माणसांनी सिमेंटचा घोळ ओतून ती बुजवली. मे महिन्यात भेगेच्या दोन्ही काठांचे टवके उडाले आणि जानेवारीत ती पुन्हा उघडली. असं तीनदा झालं. काकू मला म्हणाल्या, "अरे, तू इंजिनिअर ना? दर वर्षी तीच जागा कशी फुटते रे?"

प्रश्न अगदी योग्य होता. रस्ता नुसताच खराब असता, तर तो कुठेही फुटला असता. तो वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी फुटत असेल, तर त्याच्या रचनेत कारण आहे आणि ते शोधता येतं. इंदूरमध्ये गेल्या काही वर्षांत गल्लीबोळांतून काँक्रीट पोचलं आहे, त्यामुळे हा अनुभव पुष्कळांना असणार. म्हणून आम्ही काय तपासलं आणि काय केलं ते सविस्तर लिहितो.

गल्लीतल्या बैठकीत पहिला उपाय निघाला तो म्हणजे "पुढच्या वेळी सळई दुप्पट टाकू." बहुतेक ठिकाणी हाच निघतो. यामागचा समज आधी दूर करायला हवा, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. घराच्या छतातली सळई भार उचलते. रस्त्याच्या स्लॅबमधली हलकी जाळी भार उचलत नाही आणि भेग पडणंही थांबवत नाही. भेग पडल्यावर तिचे दोन काठ एकमेकांना घट्ट धरून ठेवणं, एवढंच तिचं काम. काठ घट्ट राहिले की गिट्टीचे दात एकमेकांत अडकून राहतात, चाकाचा भार या बाजूकडून त्या बाजूकडे जातो आणि पाणी खाली झिरपत नाही. अर्धा मिलिमीटरपेक्षा बारीक राहिलेली भेग हा त्या स्लॅबचा दोष मानायचं कारण नाही.

मग आमची जाळी भेग का धरू शकली नाही? इथे थोडा हिशोब करू. तो कागदावर पाच मिनिटांचा आहे.

थंडीत काँक्रीट आकसतं. स्लॅबची दोन्ही टोकं मध्याकडे सरकू पाहतात आणि खालची जमीन घर्षणानं त्यांना अडवते. त्यामुळे स्लॅब मधोमध ताणला जातो. हा ताण किती? अर्ध्या लांबीचं वजन गुणिले घर्षणाचा गुणांक. आमचा स्लॅब कागदावर २० सेंटिमीटर जाड, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ४८० किलो. मुरमावर थेट ओतलेल्या काँक्रीटसाठी घर्षणाचा गुणांक १.५ धरतात. साठ मीटरच्या स्लॅबची अर्धी लांबी ३० मीटर. तीस गुणिले ४८० गुणिले १.५ म्हणजे रुंदीच्या दर मीटरला २१.६ टन.

आता जाळीकडे बघू. ८ मिलिमीटरची सळई, २० सेंटिमीटर अंतरानं. एका मीटरमध्ये पाच सळ्या, एकूण क्षेत्रफळ २५१ चौरस मिलिमीटर. स्लॅबच्या छेदाच्या मानानं हे फक्त ०.१२५ टक्के भरतं. ५०० ग्रेडची सळई धरली तरी साडेबारा टनांच्या आसपास ती कायमची ताणली जाते, आणि डिझाइनमध्ये सुरक्षित मानतो तो भार तर पावणेसहा टनांच्या घरातलाच. साडेबारा टनांची जाळी साडेएकवीस टनांपुढे टिकणार नव्हतीच. मध्यावर पहिली भेग पडली, तिथल्या सळ्या ताणल्या गेल्या आणि पुढचं सगळं आकसणं त्या एकाच फटीत जमा होत गेलं.

तुम्ही विचाराल, साठ मीटरचा सलग स्लॅब कोण टाकतं? जोड असतीलच ना? होते. दर पावणेचार मीटरवर वरून कापलेली रेघ होती. पण मी तीत सायकलच्या चाकाची तार घालून बघितली, तर खोली जेमतेम दोन सेंटिमीटर. ही रेघ स्लॅबच्या जाडीच्या पाव ते एक-तृतीयांश खोल लागते, म्हणजे इथे ५ ते ७ सेंटिमीटर. तेवढी खोल असेल तरच स्लॅब तिथे पुरेसा कमजोर होतो आणि भेग त्या रेघेखाली, सरळ, आपल्याला हवी तिथे पडते. शिवाय ती वेळेवर कापायला हवी: काँक्रीट करवतीखाली न ढासळण्याइतकं घट्ट झालं की लगेच, उन्हाळ्यात बहुधा त्याच दिवशी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कापलेल्या रेघेचा उपयोग नसतो, तोवर स्लॅबनं आपली जागा निवडलेली असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि वरून न दिसणारी. जाळी एकाही जोडावर तोडलेली नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. अशी सलग जाळी असली की रेघा कितीही मारा, घर्षणाच्या हिशोबात स्लॅब साठ मीटरचाच राहतो. सळई पातळ आणि लांबी मोठी, ही आमच्या गल्लीची खरी चूक. सळई कमी होती असं म्हणण्यापेक्षा त्या सळईला झेपेल त्याच्या चौपट लांबी तिच्या गळ्यात घातली होती, असं म्हणणं बरोबर.

सलग सळईचे रस्ते जगात असतात. १९२१ साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या कोलंबिया पाइकवर तसा पहिला प्रयोग झाला, आणि आपल्याकडे रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनं २०१५ मध्ये त्यासाठी ११८ क्रमांकाची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. पण त्यांत लांबीच्या दिशेनं सळई ०.६ ते ०.८ टक्के असते. वीस सेंटिमीटरच्या स्लॅबला ०.७ टक्के म्हणजे १६ मिलिमीटरची सळई दर १४ सेंटिमीटरवर. तिथे मुद्दाम मीटर-दोन मीटरवर बारीक भेगा पडू देतात आणि सळई त्या सगळ्या मिटवून धरते. त्यामागचा नियम सोपा आहे: काँक्रीट फुटण्याआधी जो ताण पेलत होतं, तो सगळा फुटल्यावर सळईला पेलता आला पाहिजे. काँक्रीटची सरळ ताणशक्ती २.५ मेगापास्कल (एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण दहा किलो) आणि सळईची ५०० धरली तर किमान ०.५ टक्के सळई लागते. यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. काँक्रीट जितकं जास्त ताकदीचं, तितकी सलग स्लॅबला सळई जास्त. "एम ३० ऐवजी एम ४० टाकू आणि सळई तीच ठेवू" (एम हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा, आकडा मोठा तितकी ताकद जास्त) असं सलग रस्त्यात केलं, तर भेगा कमी पडतात पण प्रत्येक भेग रुंद होते.

म्हणजे आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक तर सळई पाच-सहा पट, किंवा लांबीचे तुकडे. मधली अवस्था, थोडी सळई आणि सलग लांबी, हीच सगळ्यात वाईट. आणि गल्ल्यांमध्ये सर्रास तीच दिसते.

आता उन्हाबद्दल. माझ्या मते गल्लीच्या रस्त्यात याचा विचार सगळ्यात कमी होतो.

दुपारी स्लॅबचा वरचा थर तापतो, खालचा थंड असतो. स्लॅब पालथ्या ताटासारखा होऊ पाहतो, पण स्वतःच्या वजनानं दबतो आणि तळाला ताण येतो. रात्री उलट. वरचा थर निवतो, कडा आणि कोपरे वर उचलले जातात आणि ताण वरच्या बाजूला येतो. माळव्याची रात्र तिच्या गारव्यासाठी नावाजलेली, 'शब-ए-मालवा' म्हणतात ते उगाच नाही. पण दुपारी तापलेला आणि पहाटे निवलेला स्लॅब हा फरक रोज सोसतो.

हा ताण किती येतो ते ब्रॅडबरी या इंजिनिअरनं १९३८ मध्ये वेस्टरगार्ड या अभ्यासकाच्या सिद्धांतावरून मांडलं, आणि आजही आपण त्याचेच गुणांक वापरतो. वर-खाली १५ अंशांचा फरक, २० सेंटिमीटरचा स्लॅब आणि खाली बऱ्यापैकी दाबलेला मुरूम धरून मी आकडे काढले. जोडांतलं अंतर ३ मीटर असेल तर ताण साधारण पाऊण मेगापास्कल. साडेचार मीटरला १.८. सात मीटरला २.४, आणि त्यापुढे अंतर वाढवलं तरी वाढत नाही, उलट किंचित उतरून सव्वादोनच्या आसपास स्थिरावतो. एम ३० काँक्रीटची वाकण्यातली ताकद ३.८ मेगापास्कल. म्हणजे नुसतं अंतर ३ वरून ७ मीटर केलं की गाडी यायच्या आधीच निम्म्याहून जास्त ताकद उन्हात खर्च झालेली असते. आमच्या स्लॅबमध्ये घर्षणाचा मध्यावरचा ताण एक मेगापास्कलच्या थोडा वर आणि उन्हाचा सव्वादोनच्या आसपास. बेरीज सव्वातीनच्या पुढे गेली. फुटायला पाण्याचा एक भरलेला टँकर पुरेसा होता.

इथे आणखी एक समज तपासून बघा. "खालचा बेस जितका कडक तितका रस्ता चांगला." भारासाठी आणि पाण्यासाठी हे खरं आहे. पण बेस कडक असला की वाकू पाहणाऱ्या स्लॅबला खालून आधार सोडून उठावं लागतं आणि उन्हाचा ताण वाढतो. त्याच साडेचार मीटरच्या स्लॅबखाली मुरमाऐवजी कोरड्या दुबळ्या (कमी सिमेंट-पाण्याच्या) काँक्रीटचा कडक थर घातला, तर माझ्या हिशोबात १.८ चा आकडा २.३ च्या वर जातो. म्हणून कडक बेस घाला, जरूर घाला, पण जोड जवळ घ्या आणि मधे १२५ मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरा. त्या कागदानं घर्षणाचा गुणांक दीडवरून एकच्या आसपास येतो. आमच्या गल्लीत कागद नव्हता.

जाडीबद्दल थोडक्यात. चाकाच्या भाराचा ताण जाडीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात धरा. गल्लीच्या कडेला खड्डा घेऊन मोजलं, तेव्हा २० ऐवजी एका जागी १७ सेंटिमीटर निघाले. तीन सेंटिमीटर कमी म्हणजे ताण सुमारे ३८ टक्के जास्त. ओतण्याआधी दोऱ्या ताणून चार ठिकाणी पट्टीनं मोजणं, यापेक्षा स्वस्त तपासणी दुसरी नाही.

तुमच्या रस्त्यावरची भेग वेगळी असेल तर तिची जागा बघा, जागाच बरंच सांगते. दोन जोडांच्या बरोबर मधे आडवी भेग म्हणजे जोड लांब पडलेत किंवा रेघ उशिरा कापली. रस्त्याच्या लांबीला धरून मधोमध चालणारी भेग म्हणजे रुंदी साडेचार मीटरच्या पुढे गेली आणि मधे उभा जोड दिला नाही. तशीच भेग एका कडेला, थोडी वाकडी आणि खचलेली असेल, तर तिच्याखाली नळाची किंवा ड्रेनेजची चारी आहे का ते विचारा. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी शहरात आलं, तेव्हापासून आपल्या गल्ल्या कितीदा खोदून भरल्या गेल्या असतील! चारी थर देऊन, कुटून भरली नाही तर वरची कोणतीही जाळी तिला वाचवत नाही. मॅनहोलच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग म्हणजे मॅनहोलभोवती स्लॅब सुटा ठेवला नाही. सगळीकडे पसरलेलं बारीक जाळं म्हणजे ओतल्या दिवशी ऊन-वाऱ्यात पृष्ठभाग उघडा राहिला, तराई म्हणजे पाणी मारणं उशिरा सुरू झालं. ते दिसायला वाईट असलं तरी बहुतेक वेळा वरवरचं असतं.

कोपरा तुटणं मात्र गंभीर. पहाटे कोपरे वर उचललेले असतात हे वर आलंच. उन्हाळ्यात टँकर नेमके पहाटे येतात. पाच हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच पाच टन, आणि चाक जातं ते आधार नसलेल्या कोपऱ्यावरून. त्यात खाली आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. जोडातून पाणी गेलं की ती मऊ होते, चाक दाबेल तसा चिखल जोडातून वर फेकला जातो आणि कोपऱ्याखाली पोकळी होते. लोखंडी सळईनं कोपऱ्यावर ठोकून बघा. भरीव जागेचा आवाज आणि पोकळ जागेचा आवाज यांतला फरक लहान मुलालाही कळतो.

आता आम्ही केलेली दुरुस्ती. आधी वर्षभर फक्त मोजलं. भेगेच्या दोन्ही बाजूंना ड्रिलनं छोटे खिळे बसवले आणि महिन्यातून एकदा, सकाळी सात वाजता, कॅलिपरनं अंतर घेतलं. काकूंच्या नातवानं हे काम मनापासून केलं. मे ते जानेवारी फरक आला ४ मिलिमीटर. तीस मीटरच्या मोकळ्या तुकड्यांमधली फट २० अंशांच्या फरकानं ६ मिलिमीटर उघडली असती, घर्षणामुळे थोडी कमी. म्हणजे आकडा जुळला: सगळी गल्ली या एकाच फटीतून श्वास घेत होती. आणि जानेवारीत, फट सगळ्यात रुंद असताना, तिच्यात कडक सिमेंट भरलं जात होतं. मेमध्ये स्लॅब प्रसरण पावला की त्याला जागाच नसे, म्हणून काठ फुटत. दर वर्षीची दुरुस्तीच दर वर्षीचं नुकसान करत होती.

मग सळई शोधणारं यंत्र भाड्यानं आणून जाळीची खोली बघितली. जाळी वरून ५-६ सेंटिमीटरवर, खुर्च्यांवर (जाळी उचलून धरणाऱ्या सळईच्या छोट्या टेकूंवर) टेकवलेली हवी. आमची बहुतेक ठिकाणी तळाला, मुरमावर लोळत होती. काँक्रीट ओतताना माणसं तिच्यावरून चालली, असं शेजारचे एक आजोबा सांगतात.

तोडगा असा काढला. पावणेसहा टनांच्या सुरक्षित क्षमतेत किती लांबी बसते? साडेसात गुणिले ४८० गुणिले १.५ म्हणजे ५.४ टन. म्हणजे पंधरा मीटरचा तुकडा. साठ मीटरचे चार तुकडे करायचे, तीन खरे जोड द्यायचे: १५, ३० आणि ४५ मीटरवर. तीसवरचा म्हणजे काकूंच्या फाटकासमोरची भेगच. तिन्ही ठिकाणी दीड मीटर रुंदीची पट्टी पूर्ण जाडीत कापून काढली. भेगेखालच्या सळ्या गंजलेल्या निघाल्या, काही चक्क तुटलेल्या. खालचा मऊ मुरूम काढून नवा भरला, कुटला. एका बाजूला गुळगुळीत गोल २५ मिलिमीटरच्या डॉवेल सळ्या दर ३० सेंटिमीटरवर, अर्धी लांबी ग्रीस लावून, म्हणजे स्लॅब सरकेल पण वर-खाली होणार नाही. दुसऱ्या बाजूला पीळदार सळ्या घट्ट बसवल्या. डॉवेल रस्त्याच्या दिशेला अगदी समांतर आणि आडव्या पातळीत हव्यात. तिरप्या बसल्या की जोड जखडतो आणि बाजूला नवी भेग पडते. मिस्त्रींना हे दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा स्वतः गुडघ्यावर बसून लेव्हल लावली.

मधल्या पावणेचार मीटरच्या जुन्या रेघा ६ सेंटिमीटरपर्यंत खोल केल्या. जाळी जिथे वर आली होती तिथे आधी खूण करून तेवढा भाग सोडला. तिथे सळई तशीच राहते, पण स्लॅबला बिजागरी मिळते आणि उन्हाचा ताण सव्वा-दीड मेगापास्कलपर्यंत उतरतो. वरून भरलं ते पॉलिसल्फाइडचं लवचीक सील, खाली फोमची दोरी देऊन. काम फेब्रुवारीच्या शेवटी केलं, कारण कडक थंडीत सील भरलं तर मेमध्ये ते बाहेर फेकलं जातं आणि मेमध्ये भरलं तर जानेवारीत फाटतं.

नव्या पट्ट्या चौदा दिवस ओल्या पोत्यांखाली ठेवल्या. गल्लीतल्या लोकांनी पाळी लावून पाणी मारलं आणि गाड्या बाहेर उभ्या केल्या.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. जानेवारीत तिन्ही जोड दीड-दोन मिलिमीटर उघडतात, मेमध्ये मिटतात, सील शाबूत आहे. दोन तुकड्यांमध्ये केसाएवढ्या आडव्या भेगा रेघांखाली दिसतात. त्यांना हात लावायचा नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. आता लक्ष आहे ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका कोपऱ्यावर. तिथे एका घराच्या गच्चीच्या पन्हाळीचं पाणी थेट जोडावर पडतं, आणि ठोकल्यावर आवाज किंचित पोकळ येतो. पावसाळ्याआधी पन्हाळीला कोपर लावून पाणी गटाराकडे वळवायचं ठरलं आहे, आणि त्या कोपऱ्याखालच्या पोकळीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ घोळ, भरायचं.